परार्धाच्या अलीकडची एक संख्या

मुंबईहून वसई-विरारमार्गे गुजरातकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील डहाणू येथे, म्हणजे आज पालघर जिल्ह्यात आणि त्या काळी ठाणे जिल्ह्यात मोडणाऱ्या गावी, १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून १९२९ मध्ये पदवीधर झालेल्या कापरेकरांनी १९३० ते १९६२ शाळेत अध्यापन केले आणि देवळालीत राहून संख्यांवर संशोधन केले. ६१७४ या स्थिरांकामुळे त्यांची कीर्ती जगभर पोहोचली असली, तरी त्यांच्या विचारपद्धतीचा खरा परिचय ‘डेम्लो’ संख्यांमधून होतो.

मुंबईपासून तीस मैलांवर, जी. आय. पी. रेल्वेच्या ज्या स्थानकावर त्यांना या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली, त्याचेच नाव त्यांनी या संख्यांना दिले. १६५, १६६५, १६६६५ यांसारख्या संख्यांत पहिल्या व शेवटच्या अंकांची बेरीज मधल्या अंकाइतकी असते, आणि मधला अंक कितीही वेळा लिहिला तरी हे नाते टिकते. १९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये त्यांनी याच कुळातील ‘अद्भुत’ संख्यांविषयी लिहिले. १, ११, १११ अशा केवळ एकांनी बनलेल्या संख्यांचे १, १२१, १२३२१ हे वर्ग त्या होत.

या मालिकेतील नववी संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी, म्हणजे जुन्या मोजणीतील परार्धाच्या एक घर अलीकडची असून तिच्या सममितीचे कारण गुणाकाराच्या मांडणीतच आहे. १११११११११ ला स्वतःनेच गुणताना तीच ओळ एकेक घर डावीकडे सरकत नऊ वेळा लिहावी लागते, त्यामुळे स्तंभांच्या बेरजा एकापासून नवापर्यंत चढून पुन्हा एकावर उतरतात आणि कोठेही हातचा येत नाही. दहा एकांच्या संख्येत मधल्या स्तंभाची बेरीज दहा होऊन हातचा पुढे सरकतो, आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असा मोडलेला क्रम हाती येतो. सौंदर्य नेमके कोठे संपते हे दाखवणाऱ्या अशा अभ्यासाला केवळ अंकांचा खेळ म्हणणे अन्यायाचे आहे.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले. नवव्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ असून त्या संख्येला ८१ ने भागले असता १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग मिळतो, त्यामुळे ती हर्षदही ठरते. मात्र १२१ ला तिच्या अंकांच्या ४ या बेरजेने भाग जात नाही. मालिकेतील पहिल्या नऊ संख्यांत प्रत्येकीच्या अंकांची बेरीज तिच्या क्रमांकाच्या वर्गाइतकी असल्याने, वर्ग करण्यापूर्वीच्या एकांच्या संख्येला त्या क्रमांकाने निःशेष भाग गेला तरच तिचा वर्ग हर्षद ठरतो, आणि ही अट पहिली, तिसरी व नववी या तीनच संख्या पूर्ण करतात.