जुने विमान आणि ऐतिहासिक साधन : विदर्भाच्या संदर्भात एक विचार

ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि दप्तरे ही इतिहासाची साधने होत, ही जाणीव महाराष्ट्रातील संशोधनात राजवाडे यांच्या पिढीपासून दृढ झाली आहे. जुना कागद हाती आला की तो अस्सल की नक्कल, मूळ मजकूर किती व मागाहून घातलेला किती, हे प्रश्न अभ्यासक सहजपणे विचारतो. यंत्राकडे मात्र या दृष्टीने पाहण्याची सवय आपणांस अद्याप लागलेली नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरील 'शकुंतला' गाडीविषयी जिल्ह्यात अपार जिव्हाळा आहे. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावत असे, हेही अनेकांच्या स्मरणात आहे. परंतु तो जिव्हाळा आठवणींचा आहे, साधनचिकित्सेचा नव्हे. विमानाच्या बाबतीत तर जिव्हाळ्यालाही आधार नाही. यवतमाळनजीक धावपट्टी आहे. २००९ मध्ये राज्य शासनाने नांदेड, लातूर, बारामती व उस्मानाबाद येथील धावपट्ट्यांबरोबर तीही दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. पण विमानाचा या प्रदेशाशी असलेला ऐतिहासिक संबंध सांगणारी एकही वस्तू जिल्ह्यातील विद्यार्थ्याला जवळपास पाहावयास मिळत नाही. त्यासाठी दिल्ली किंवा गोवा गाठावे लागते.

तेथे गेल्यावर त्याने काय पाहावे, आणि परतल्यावर स्वतःच्या प्रदेशाविषयी कोणता प्रश्न विचारावा, या दोन मुद्द्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

१

संग्रहालयातील विमान हे प्रथमदर्शनी अत्यंत प्रामाणिक साधन वाटते. ते समोर उभे असते, त्याला हात लावता येतो, त्याच्या अंगावर क्रमांक असतो. तथापि विमानाइतकी सतत बदलत जाणारी वस्तू दुसरी क्वचितच सापडेल. इंजिने ठरावीक तासांनंतर उतरविली जातात, पत्रे बदलले जातात, कापड नव्याने चढविले जाते आणि मालक बदलला की रंगही बदलतो. राइट बंधूंचे १९०३ चे विमान आज वॉशिंग्टन येथे आहे. परंतु त्यावरील कापड १९०३ चे नाही. ऑर्व्हिल राइट यांनी १९२७ मध्ये ते बदलविले आणि १९८५ मध्ये ते पुन्हा बदलण्यात आले. सांगाडा मूळचा व आवरण अर्वाचीन, अशी ही अवस्था आहे. अनेकदा उतरवून घेतलेल्या पोथीसारखीच ती समजून घ्यावी लागते.

विमानाशेजारच्या पाटीचीही अशीच गोष्ट आहे. हेच विमान १९२८ पासून लंडनच्या विज्ञान संग्रहालयात होते, कारण पहिल्या उड्डाणाच्या श्रेयावरून ऑर्व्हिल राइट व अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांच्यात तीव्र वाद होता. १९४८ मध्ये ते स्मिथसोनियनकडे आले ते एका कराराने. राइट यांच्या विमानापूर्वी दुसरे एखादे यंत्र माणसाला घेऊन स्वशक्तीने व नियंत्रितपणे उडण्यास समर्थ होते, असे त्या संस्थेने कोठेही म्हणू नये, अशी अट त्या करारात आहे. राइट यांचा अग्रमान आज सर्वमान्यच आहे. तरीही त्या पाटीच्या शब्दयोजनेमागे केवळ संशोधन नसून एक करारनामाही आहे, हे वाचकाला ठाऊक असणे आवश्यक आहे. शिलालेख वाचताना तो कोणी कोरविला हे आपण पाहतोच. पाटीलाही तोच न्याय लागू करावयास हवा.

तिसरा प्रश्न क्रमांकाचा. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी भारतीय सैन्याची पहिली तुकडी घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटा विमानाचा क्रमांक व्हीपी ९०५ असा सांगितला जातो. भारतीय वायुसेनेच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात आज 'परशुराम' नावाचे जे डाकोटा आहे, त्याच्यावर हाच क्रमांक आहे. परंतु हे विमान ब्रिटनमध्ये विकत घेऊन, दुरुस्त करवून २०१८ मध्ये वायुसेनेस भेट देण्यात आले; क्रमांक त्या पहिल्या विमानाच्या गौरवार्थ दिलेला आहे. यात फसवणूक काहीच नाही, कारण हे उघडपणे सांगितले गेले आहे. मात्र दोन पिढ्यांनंतरचा प्रेक्षक क्रमांक वाचून 'हेच ते विमान' असे म्हणू लागला, तर तो दोष वस्तूचा नव्हे, वाचनाचा ठरेल.

उलट प्रकारही आढळतो. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात एक लिबरेटर बाँबफेकी विमान आहे. त्याच्यावर दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश क्रमांक केएन ७५१ रंगविलेला आहे. पण हे विमान त्या युद्धानंतर दीर्घकाळ भारतीय वायुसेनेत एचई ८०७ या क्रमांकाने होते, आणि १९७४ मध्ये ते भारताने दिले म्हणूनच त्या संग्रहालयात पोहोचले. युद्धसमाप्तीनंतर भारतात टाकून दिलेली लिबरेटर विमाने बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने पुन्हा उभी केली, आणि वायुसेनेने १९६८ पर्यंत ती वापरली. पुण्याच्या तळावरील सहाव्या क्रमांकाच्या तुकडीचा त्या कार्यात मोठा वाटा होता. जगातील काही संग्रहालयांना आज लिबरेटर दाखविता येते ते या भारतीय दुरुस्तीमुळे. एका देहावर दोन लेख असून वरचा तेवढा वाचला जातो, आणि पुसल्या गेलेल्या लेखात पुण्याचे नाव आहे.

२

भारतात या दृष्टीने दोन संग्रह महत्त्वाचे आहेत. दिल्लीतील पालम येथील वायुसेना संग्रहालय १९६७ चे. तेथील वेस्टलँड वापिटी हे त्या जातीचे जगात उरलेले एकमेव विमान मानले जाते. भारतीय वायुसेनेची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी याच जातीच्या चार विमानांनिशी उभी राहिली. ज्या यंत्राने आरंभ झाला त्याचा नमुना हाती असणे, हे भाग्य फार थोड्या संग्रहालयांना लाभते.

दुसरा संग्रह गोव्यात, दाबोळी विमानतळालगत बोगमाळ्याच्या वाटेवर आहे. नौदलाचे हे हवाई संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. सी हॉक, अलिझे, फायरफ्लाय, सीलँड, व्हँपायर अशी विमाने तेथे मोकळ्या आवारात मांडली आहेत. त्यांत आकाराने सर्वांत मोठे व अभ्यासास सर्वांत उपयुक्त म्हणजे सुपर कॉन्स्टलेशन. चार पंख्यांचे, शेपटीस तीन उभे सुकाणू असलेले हे विमान प्रथम एअर इंडियाचे प्रवासी विमान होते. पुढे ते वायुसेनेने सागरी टेहळणीसाठी घेतले. १९७६ मध्ये ती जबाबदारी नौदलाकडे गेली आणि विमानही गेले. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात ते निवृत्त झाले. प्रवासी, वायुसैनिक आणि नौसैनिक अशा तीन पिढ्यांचा वापर एका वस्तूत साठलेला आहे. आज त्याच्यावर नौदलाचा रंग व क्रमांक आहे. त्याखालचे दोन थर अभ्यासकाने कागदपत्रांवरून वाचावयाचे आहेत. समुद्राच्या खाऱ्या हवेत व कोकणपट्टीच्या पावसात ॲल्युमिनियमचा देह उघड्यावर टिकविणे किती कठीण असते, हेही तेथे प्रत्यक्ष दिसते.

जतन ही एकदा करून संपणारी क्रिया नव्हे, याचे सर्वांत कठोर उदाहरण मुंबईचे आहे. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरील सी हॉक व अलिझे विमानांनी चितगाव व कॉक्स बाजार येथे हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली आणि २००१ पासून मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून लोकांना पाहावयास मिळू लागली. परंतु तिचे तळ व सांधे जीर्ण होत गेले. सुरक्षिततेच्या कारणाने २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले आणि २०१४ मध्ये नौका मोडीत काढण्यात आली. तिच्या पोलादाचा काही भाग एका मोटारसायकलीच्या निर्मितीत वापरला गेला. ज्या नौकेविषयी राष्ट्राला अभिमान होता, जिच्या माहितीची कमतरता नव्हती आणि जी पाहण्यास लोक रांगा लावीत, तीही टिकली नाही. अभिमान आणि देखभाल या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढाच याचा अर्थ.

३

या पार्श्वभूमीवर विदर्भाकडे वळले असता एक विसंगती नजरेस येते. नागरी विमान-वाहतुकीच्या इतिहासात नागपूरचे स्थान असाधारण आहे. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई डाक सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. सायंकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकास मिळणे त्यामुळे शक्य झाले. त्याच वर्षी एप्रिलपासून पत्रांना जादा हवाई आकार न घेण्याची योजनाही अमलात आली, आणि हवाई डाक ही श्रीमंतांची चैन न राहता सामान्य पोस्टकार्ड-पाकिटांच्या व्यवहाराचा भाग बनली.

हे सर्व काम प्रामुख्याने डाकोटा विमानांनी केले. महायुद्धानंतर शिल्लक राहिलेली ही विमाने स्वस्तात उपलब्ध झाल्यामुळेच त्या काळी देशात अनेक हवाई कंपन्या उभ्या राहू शकल्या. १९५३ मध्ये त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. या सेवेला प्राणहानीचे मोलही द्यावे लागले. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपुरातून उडालेले एक डाकोटा लगेच कोसळले. भौगोलिक मध्यामुळे नागपूरला मिळालेले हे महत्त्व १९०७ च्या शून्य मैलाच्या स्तंभाइतकेच सांगण्याजोगे आहे. पण स्तंभ उभा आहे म्हणून तो सर्वांना माहीत आहे. रात्रीच्या डाकेचे विमान नागपुरात पाहावयास नाही, म्हणून ती डाक विद्यार्थ्यांच्या कानांवरही येत नाही.

याच विमानतळावर एक ऐतिहासिक जेट दोन तपे उभे होते, ही गोष्ट आणखी बोलकी आहे. १९९१ मध्ये एका खाजगी कंपनीचे बोइंग ७२० विमान बिघाडामुळे नागपुरास उतरले आणि परत उडालेच नाही. बोइंगच्या ७०७ या प्रसिद्ध विमानाची ही लहान आवृत्ती. जगात तिची अवघी १५४ विमाने तयार झाली. २०१५ मध्ये ते धावपट्टीच्या परिसरातून हलविण्यात आले. त्या चोवीस वर्षांत त्याची चर्चा झाली ती अडथळा म्हणून, जागा अडविणारी वस्तू म्हणून. वय, दुर्मिळता व भव्यता हे तिन्ही गुण असूनही ते विमान वारसा ठरले नाही, कारण त्याच्याविषयी काय सांगावयाचे हे कोणी ठरविले नाही. वस्तू आपणहून साधन होत नाही. तिला प्रश्न विचारणारा भेटावा लागतो.

याउलट ओरिसातील उदाहरण पाहण्याजोगे आहे. बिजू पटनायक यांच्या कलिंग एअरलाइन्सचे एक डाकोटा कलकत्त्याच्या विमानतळावर वर्षानुवर्षे मोडक्या अवस्थेत पडले होते. जानेवारी २०२३ मध्ये त्याचे भाग सुटे करून ते रस्त्याने भुवनेश्वरला आणण्यात आले. मोडकळीस आलेले विमान वाचले ते त्याच्यामागे एक निश्चित कथा होती म्हणून. आणि खुद्द नागपुरातही मोतीबाग येथे २००२ पासून नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. म्हणजे यंत्र जतन करण्याची दृष्टी या शहराला नाही असे म्हणता येत नाही. ती अद्याप विमानापर्यंत पोहोचलेली नाही, इतकेच.

४

वस्तू नसली म्हणजे तिची जागा रिकामी राहत नाही. तेथे आख्यायिका येऊन बसते. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तळपदे ही ऐतिहासिक व्यक्ती होय. पण ते यंत्र वा त्याचा अवशेष कोणत्याही संग्रहात दाखविता येत नाही. या कथेस पुष्टी म्हणून 'वैमानिकशास्त्र' या संस्कृत ग्रंथाचा हवाला वारंवार दिला जातो. परंतु तो ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगून उतरविला, म्हणजे १८९५ नंतर. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्याची तपासणी केली. त्याची भाषा प्राचीन नसून अर्वाचीन आहे आणि त्यातील यंत्रे उडण्यास असमर्थ आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

येथे शब्दाचीही दिशाभूल आहे. 'विमान' हा शब्द रामायणातील पुष्पकास लागतो, द्राविड शैलीच्या देवालयात गर्भगृहावरील बांधकामासही लागतो, आणि तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या लोकचित्रांतून तो घरोघरी पोहोचलेला आहे. विसाव्या शतकात नवे यंत्र आले तेव्हा मराठीने हा तयार शब्द त्याला दिला. शब्द जुना, अर्थ नवा, अशी ही नेहमीची भाषिक घटना आहे. शब्दाच्या वयावरून वस्तूचे वय काढणे हे 'तार' या शब्दावरून पेशवाईत तारयंत्र होते असे म्हणण्यासारखे होईल. रात्रीच्या डाकेची कथा कमी अद्भुत नाही. फरक इतकाच की तिला दिनांक आहे, वेळापत्रक आहे आणि त्या पाकिटांवर टपाल खात्याचे शिक्के आहेत.

म्हणून विदर्भातील अभ्यासकांपुढचे पहिले कार्य विमान मिळविण्याचे नाही. ते खर्चाचे आहे, आणि 'विक्रांत'चा अनुभव पाहता देखभालीची हमी नसल्यास व्यर्थही आहे. कागद मात्र आजही गोळा करता येईल. घराघरांतील जुनी पाकिटे व त्यांवरील शिक्के, टपाल कचेऱ्यांतील नोंदी, विमानांची वेळापत्रके, त्या काळच्या वृत्तपत्रांतील बातम्या आणि सोनेगावच्या रात्रपाळीत काम केलेल्या वृद्धांच्या आठवणी ही साधने यवतमाळ, वर्धा व नागपूर या जिल्ह्यांत विखुरलेली असणार. १९४९ मध्ये ऐन विशीत असलेली माणसे आज शंभरीच्या घरात आहेत. त्यामुळे यांपैकी शेवटचे साधन सर्वांत आधी नष्ट होणार, हे उघड आहे. ही सामग्री एकत्र झाली, तर पुढेमागे नागपुरात एखादे डाकोटा उभे राहील तेव्हा त्याच्याशेजारच्या पाटीवर लिहावयास काही तरी असेल. पाटीचा मजकूर आधी आणि विमान मागाहून, हा क्रम उलटा वाटला तरी जतनाच्या दृष्टीने तोच योग्य होय.