सात्या आणि त्यांचे तोतये

सदाशिवरावभाऊंचें सोंग घेऊन आलेल्या तोतयानें पेशवाईंत भल्याभल्यांना चकविलें, ही कथा महाराष्ट्रास ठाऊक आहे. चेहऱ्यामोहऱ्यावरून खरेंखोटें ठरविणें किती कठीण, हें रानांतल्या छत्र्या दर पावसाळ्यांत नव्यानें शिकवितात. तेथें चूक झाली तर ती जिवावर बेतते.

गडचिरोली जिल्ह्यांतील आलापल्ली हें गांव सागासाठीं ख्यात आहे. १९८२ सालीं हा जिल्हा निराळा झाला. त्यापूर्वीं हा मुलूख चांद्याचा. गांवाजवळील जुन्या वृक्षांचा सुमारें सहा हेक्टरांचा तुकडा २०१४ सालीं महाराष्ट्रांतील पहिलें जैवविविधता वारसास्थळ ठरला. सागाचा लौकिक असा मोठा. परंतु पाऊस सुरू झाल्यावर याच वनांत वारुळांच्या आसपास ज्या पांढऱ्या-करड्या छत्र्या माती फोडून वर येतात, त्यांचा इतिहासही कांहीं कमी मनोरंजक नाहीं. पश्चिम महाराष्ट्रांत अळंबी, नागपूर-वऱ्हाडाकडे टेकोडे, आणि या बाजूस सात्या, अशीं त्यांचीं नांवें आहेत.

आपल्या पूर्वजांनीं छत्राकांचा विचार केला होता. मनुस्मृतींत कवक द्विजांस वर्ज्य सांगितलें आहे. सुश्रुतानें मात्र वैद्याच्या दृष्टीनें पाहिलें. पेंढा, ऊस, शेण, वेळू आणि जमीन, अशा उगवण्याच्या जागांवरून त्यानें त्यांचे भेद केले. छत्रीचें रूप न पाहतां तिचा आधार पाहावा, ही दृष्टि फार मोलाची होय.

वारुळाच्या छत्रीचा आधार शोधण्यास युरोपीय पंडितांस बराच काळ लागला. तंजावर प्रांतांत फिरणारा लिनिअसचा शिष्य योहान कोनिग यानें १७७९ सालीं वाळवीवर निबंध प्रसिद्ध केला. वाळवीच्या घरांतून छत्र्या उगवतात हें त्यानें नमूद केलें. पुढें सव्वाशे वर्षांनीं, १९०६ सालीं, सिंहलद्वीपांतील पेरादेनिया येथील टॉमस पेच यानें वाळवीच्या घरांतील छत्राकांवर सविस्तर लिहिलें. वाळवी लांकूडपाला खाऊन विष्ठेचें पोळें रचते. त्या पोळ्यावर बुरशी वाढते. आणि ती बुरशी व मऊ झालेलें पोळें हेंच वाळवीचें अन्न. शेती मनुष्यानेंच प्रथम केली असें मानणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें! पाऊस पडल्यावर पोळ्यांतून अंकुर निघतो, आणि माथ्यावरील कठीण टोंकानें माती भेदीत तो वर येतो. फ्रान्समधील रोजे हाइम यानें १९४२ सालीं या कुळास टर्मिटोमायसीस असें नांव दिलें. आणि १९७९ सालीं नटराजन यांनीं दक्षिण हिंदुस्थानांतील एका जातीस हाइमचेंच नांव दिलें.

याचा अर्थ असा कीं, सातीची खूण जमिनीखालीं असते. मोठ्या जातींचा देंठ वीतभर, कधीं हातभर खोल जाऊन वाळवीच्या पोळ्यास भिडतो. जाणती बाई वरची टोपी खुडून घेत नाहीं. ती मुळासकट उकरते. शिवाय तीं वारुळें तिच्या ओळखीचीं असतात. वर्षानुवर्षें छत्र्या त्याच जागीं येतात. तरी केवळ लांब मूळ पुरेसें नाहीं, कारण पुरलेल्या लांकडांतून उगवणाऱ्या दुसऱ्या एका छत्रीलाही तें असतें. तिची भुकटी पांढरी, सातीची फिकट गुलाबी. टोपी रात्रभर कागदावर पालथी ठेवली म्हणजे ती भुकटी दिसते. पुंजक्यांनीं उगवणाऱ्या चिमुकल्या जातीस मात्र लांब मूळ नसतें, आणि तेथें जाणत्या डोळ्यावांचून इलाज नाहीं.

तोतये मुख्यतः दोन. पहिला गवताळ जागीं उगवतो; टोपी मोठी, पांढरी, वर तपकिरी खवले. त्याच्या पाकळ्या कोंवळेपणीं पांढऱ्या, पुढें हिरवट, भुकटीही हिरवी. खाल्ल्यावर थोड्याच तासांत वांत्या आणि जुलाब सुरू होतात.

दुसरा अमानिता कुळांतला. त्याच्या कित्येक जाती खाद्य, तर कांहीं प्राणघातक. हें कुळ बहुधा साल, ओक, चीड यांच्या मुळांशीं सख्य ठेवून असतें. सागाशीं त्याचें तसें सख्य नाहीं. पण वन मिश्र असतें, तेव्हां तेवढ्यावर विसंबूं नये. देंठाच्या तळाशीं पिशवीसारखी वाटी, भुकटी पांढरी. ही वाटीही मातींतच दडलेली! टोपी खुडली कीं ती मागें राहते. याच्या विषाची कपटी रीत अशी कीं, सहापासून चोवीस तासपर्यंत कांहींच जाणवत नाहीं. मग वांत्या होतात, त्या थांबून बरें वाटूं लागतें, आणि तोंवर यकृताचा नाश चाललेला असतो. १९४१ सालीं जर्मनींत वीलांड व हालरमायर यांनीं या विषाचे स्फटिक वेगळे केले. शिजविल्यानें तें नष्ट होत नाहीं. चांदीचें नाणें किंवा लसूण काळी पडणें, किड्यांनीं छत्री खाल्लेली असणें, या घरगुती परीक्षा सर्वथैव खोट्या आहेत. संशय आल्यास लक्षणांची वाट न पाहतां, उरलेली छत्री घेऊन तडक रुग्णालय गांठावें.

धिंगरी आज पेंढ्यावर घरोघर पिकवितां येते. सातीची मात्र अद्याप बागाईत होऊं शकलेली नाहीं. तिला वाळवीच हवी. म्हणून देंठ कापून, धुऊन, स्वच्छ करून मांडलेली रानची छत्री गिऱ्हाइकानें घेऊं नये. मातीनें माखलेलें मूळ असेल तीच मागावी, आणि ती कोणत्या वारुळाची, हें विकणारीस विचारावें.