जहाजावरचे भाऊबंद

श्रावणात आपल्या खानदेशात कानबाई बसते, तेव्हा पोटासाठी सुरतेला, पुण्याला गेलेली माणसे गावी परततात. रोट हा भाऊबंदांनी एकत्र बसून खायचा. तिथे तिऱ्हाइताला पान नाही. आता कल्पना करा, एखाद्याचे सगळे भाऊबंद समुद्राच्या अलीकडे राहिले आणि तो एकटाच पलीकडे गेला. त्याने कोणाबरोबर बसावे? पावणेदोनशे वर्षांपूर्वी हा प्रश्न हजारो मराठी माणसांपुढे उभा राहिला. ते गेले होते हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर.

बेट एवढेसे. एकट्या जळगाव जिल्ह्यात अशी सहा बेटे मावतील. उसाचे मळे मुख्यतः फ्रेंच मालकांचे, राज्य इंग्रजांचे. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली, पण ऊस तोडायला हात हवेच होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या ‘ॲटलस’ जहाजाने ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात आणले. पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे गेली. बहुतेक बिहारकडची, बरीच मद्रासकडची. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी भागातली मंडळी अधिक. साधारण एक तृतीयांश लोक परत आले, बाकीचे तिथलेच झाले.

करार पाच वर्षांचा, महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा नियम. आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराला ‘खाडा’ काय असतो हे वेगळे सांगावे लागत नाही! करार संपला तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरालाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला की भटक्या ठरवून पकडत. म्हणजे चार मळ्यांपलीकडच्या सोबत्याला भेटायला जाणेसुद्धा जोखमीचे. याविरुद्ध १८७१ मध्ये नऊ हजारांवर मजुरांनी अर्ज केला. तो लिहून देणारा आडॉल्फ द प्लेविट्झ हा गोरा मळेवाला होता, हेही नोंदवायला हवे. पुढे इंग्लंडहून चौकशी आयोग आला.

अशा जागी समाज उभा राहायचा कसा? पहिले नाते जहाजाने दिले. एका जहाजातून आलेले ते ‘जहाजी भाई’. कित्येक आठवडे एकत्र काढलेली ही माणसे एकमेकांना सख्ख्या भावासारखी मानू लागली. सुरुवातीच्या जहाजांत बायका फारच थोड्या, त्यामुळे सोयरीक जुळवताना गावाकडची सगळी बंधने पाळणे शक्यच नव्हते. हे सगळे गोड होते असे मला म्हणायचे नाही. ती गरज होती.

पुढे मोठ्या मळ्यांचे तुकडे विकले जाऊ लागले. पै पै साठवलेल्या मजुरांनी जमिनी घेतल्या, गावे वसली. गावागावांत ‘बैठका’ सुरू झाल्या. बैठका म्हणजे गवताने शाकारलेली एखादी झोपडी. दिवसभर ऊस तोडून आलेले लोक संध्याकाळी तिथे जमत, पोरांना अक्षरे शिकवत, पोथी वाचत, भजन करत आणि भांडणेही तिथेच मिटवत. शाळा, देऊळ आणि चावडी एकाच छपराखाली.

मराठी माणसांचा गणपती याच वातावरणात बसला. १८९६ साली हेन्रिएटा गावात भिवाजी कुटुंबाने तो प्रथम बसवला, असे तिथे मानतात. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ झाली. पायात घुंगरू, मध्ये ढोलकी, भोवती फेर. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते. गंमत अशी की, ती सहसा आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते, कारण त्या दिवशी विसर्जन असते. कोकणातला दीड दिवसाचा गणपती तिथल्या सरकारी कॅलेंडरात जाऊन बसला आहे, असे मला ही तारीख पाहून वाटते.

भाषेचे मात्र तसे झाले नाही. घरातले बोलणे बहुतेक क्रिओलमध्ये. मराठी शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकायची. २००८ मध्ये मराठी भाषकांच्या संघटनेसाठी तिथे स्वतंत्र कायदा झाला, ही मोठीच गोष्ट. तरी आरतीचे शब्द तोंडपाठ आणि अर्थ विचारावा लागतो, अशी पिढीही तिथे आहे. बिहारकडून गेलेल्यांच्या भोजपुरीलाही हीच ओहोटी लागली.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. प्रत्येकाचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव. अनेकांची आजची आडनावे म्हणजे त्या वहीतल्या खापरपणजोबाचे नुसते नाव, गोऱ्या कारकुनाच्या कानाला जसे लागले तसे. नातवंडे-पतवंडे क्रमांक घेऊन येतात, पान उघडतात. जिल्हा बहुधा लागतो. गावाच्या रकान्यातल्या इंग्रजी अक्षरांवरून नेमके गाव कोणते, हे ओळखण्यात दिवस जातो.