दोष कोणाचा आणि भरपाई कोणाची : मोटार अपघातांतील दाव्यांच्या इतिहासाचे एक टिपण, जेऊरच्या निमित्ताने

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर हे गाव लोहमार्गावरील एक स्थानक म्हणून सर्वपरिचित आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुण्याहून सोलापूरकडे जाणारा मार्ग १८५९-६० मध्ये या भागातून गेला आणि करमाळ्याकडे जाणाऱ्या उतारूस जेऊर हेच उतरण्याचे ठिकाण झाले. पुढचा प्रवास अर्थातच रस्त्याचा. प्रथम बैलगाडीचा, नंतर मोटारीचा. एकाच उतारूच्या एकाच प्रवासाचे असे दोन भाग पडतात. या दोन भागांत त्याला इजा झाली असता कायद्याने त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हा प्रश्न प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. वरवर पाहता तो वकिलांचा प्रश्न वाटेल. परंतु नुकसानीचा भार समाजात कोणी वाहावा, या मोठ्या प्रश्नाचेच ते एक अंग आहे, आणि म्हणून इतिहासाच्या अभ्यासकानेही त्याकडे लक्ष देणे उचित ठरेल.

१

आरंभ १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमापासून करावा लागतो. माणूस मेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर मरतो, हे इंग्रजी विधीतील जुने तत्त्व. त्याला या कायद्याने मुरड घातली आणि मृताच्या पती वा पत्नीस, आईबापांस व मुलांस भरपाई मागण्याचा अधिकार दिला. मात्र यात दोन गोष्टी गृहीत होत्या. एक, दुसऱ्याची हयगय अथवा अपकृत्य सिद्ध झाले पाहिजे. दोन, कुटुंब म्हणजे एवढीच माणसे. एकत्र कुटुंबात भावाच्या कमाईवर जगणाऱ्या भावास या व्याख्येत स्थान नव्हते. ही उणीव दूर होण्यास १९८७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी गुजरात राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोटार कायद्यातील ‘विधिक प्रतिनिधी’ या शब्दाचा अर्थ व्यापक धरला आणि मृताच्या भावाचाही अधिकार मान्य केला.

२

मोटारींसंबंधी पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. त्याचा भर नोंदणी, परवाना व वेग यांवर होता. जखमी माणसाचा विचार खऱ्या अर्थाने १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात आला. इंग्लंडमध्ये १९३० च्या सुमारास तिऱ्हाइताच्या विम्याची सक्ती झाली होती. तिचाच आदर्श येथे समोर होता. तथापि भारतात ही सक्ती प्रत्यक्ष अमलात आली ती १ जुलै १९४६ पासून. मोटारमालक कफल्लक असला तरी हुकूमनाम्याची रक्कम विमा कंपनीने जखमी माणसास द्यावी, हे तिचे मर्म. परंतु मालवाहू गाडीच्या बाबतीत कंपनीची जबाबदारी आरंभी वीस हजार रुपयांपुरतीच होती. त्यावरील रक्कम मालकाकडून वसूल होईल तेवढी खरी.

विमा आला तरी दिवाणी न्यायालयाची लांब वाट कायमच होती. ती तोडण्यासाठी १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद केली. या सुधारणेसही एक काटा होता. अर्ज अपघातापासून साठ दिवसांच्या आत करावयाचा होता. विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणास होता हे खरे. तरीपण मोडलेल्या मांडीने दोन महिने अंथरुणास खिळलेल्या माणसाने एवढ्या अवधीत वकील गाठावा, ही अपेक्षा खेड्यातील वास्तवाशी जुळणारी नव्हती. १९६९ च्या दुरुस्तीने ही मुदत सहा महिन्यांची झाली.

३

आता लोहमार्गाकडे वळू. १८९० च्या रेल्वे अधिनियमात १९४३ मध्ये ८२-अ हे कलम घालण्यात आले. प्रवासी गाडीस टक्कर होऊन अथवा ती रुळावरून घसरून उतारूस इजा झाली, तर रेल्वेची हयगय असो वा नसो, भरपाई देणे तिच्यावर बंधनकारक झाले. कमाल मर्यादा दहा हजार रुपयांची होती. रक्कम लहान असली तरी तत्त्व मोठे होते.

यामुळे जेऊरच्या उतारूची स्थिती मोठी विलक्षण झाली. गाडीच्या डब्यात तो बसलेला असेतोवर अशा अपघाताच्या बाबतीत त्याला कोणाचा दोष सिद्ध करावा लागत नसे. फलाटावरून उतरून तो मोटारीत बसला की दोष सिद्ध करण्याचे सर्व ओझे त्याच्या माथी येई. १९४८ मध्ये पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, पुढे एस. टी. गावोगाव पोचली. अशा परिवहन संस्थांस स्वतंत्र निधी राखण्याच्या अटीवर विम्यातून सूट देण्याची सोय कायद्यात होती. म्हणजे तेथे विमा कंपनीऐवजी सार्वजनिक संस्था स्वतःच प्रतिवादी होई. तरीही हयगय सिद्ध करण्याची अट सुटली नाही.

या विसंगतीवर मुंबई उच्च न्यायालयाने बोट ठेवले, ही गोष्ट आपल्या प्रांताच्या दृष्टीने लक्षणीय आहे. एका दाव्यात त्याने असे मत मांडले की, सक्तीच्या विम्याची योजना पाहता हयगयीच्या पुराव्यावाचूनही भरपाई देता येईल. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मत अमान्य केले. विम्याची सक्ती ही दायित्वाची पूर्ती करण्यासाठी आहे, नवे दायित्व निर्माण करण्यासाठी नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय. अखेर संसदेनेच पाऊल उचलले. १ ऑक्टोबर १९८२ पासून मृत्यूसाठी पंधरा हजार व कायम अपंगत्वासाठी साडेसात हजार रुपये दोषाचा विचार न करता देणे भाग झाले. रेल्वेने १९४३ मध्ये जे मान्य केले, ते रस्त्यावर येण्यास एकोणचाळीस वर्षे लागली.

४

१ जुलै १९८९ पासून १९८८ चा अधिनियम लागू झाला. या पर्वातील दोन गोष्टी ग्रामीण दावेदारास विशेष जिव्हाळ्याच्या आहेत. पहिली स्थळाची. पूर्वी अपघात जेथे घडला तेथील न्यायाधिकरणाकडेच जावे लागे. म्हणून पुण्यात जखमी झालेल्या जेऊरच्या मजुरास पुण्याचेच खेटे घालावे लागत. १९९४ च्या दुरुस्तीने तो राहतो त्या हद्दीतही अर्ज करण्याची मुभा मिळाली. दुसरी मालवाहू गाडीतील माणसांची. त्याच दुरुस्तीने मालाबरोबर बसलेला मालधनी विम्याच्या कक्षेत आला. परंतु वाटेत फुकट बसवून घेतलेला माणूस आला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. उजनीच्या पाण्यावर ऊस व केळी पिकविणाऱ्या या पट्ट्यात हा भेद केवळ शाब्दिक नाही. केळीच्या घडांशेजारी बसलेला शेतकरी आणि त्याच्याशेजारी बसलेला त्याचा शेजारी यांचे हक्क भिन्न आहेत.

भरपाईच्या गणितासही या काळात शिस्त आली. २००९ मध्ये वयानुसार गुणक ठरले. २०१० मध्ये वैद्यकीय अपंगत्व आणि कमाईची प्रत्यक्ष हानी यांतील फरक मांडला गेला. २०१७ मध्ये घटनापीठाने स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांच्या भावी उत्पन्नवाढीचे प्रमाणही ठरविले. उदाहरणार्थ, तीस वर्षांच्या हमालाची मासिक कमाई बारा हजार रुपये व कमाईची हानी शेकडा चाळीस मानू. वार्षिक उत्पन्न १,४४,०००. भावी वाढीचे शेकडा चाळीस मिळवून २,०१,६००. त्याचे शेकडा चाळीस ८०,६४०. सतराच्या गुणकाने १३,७०,८८०. उपचारखर्च व वेदना यांची भरपाई निराळी. पाठीवर पोती वाहणाऱ्याचा पाय आणि मेजावर लिहिणाऱ्याचा पाय यांची हानी सारखी नव्हे, हे यामुळे हिशेबात उतरले.

५

१ एप्रिल २०२२ पासून २०१९ च्या दुरुस्तीतील विम्याची व दाव्यांची नवी व्यवस्था अमलात आली. दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख व जबर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये हा एक मार्ग. हयगय सिद्ध करून पूर्ण भरपाई मागणे हा दुसरा. पोलिसांनी पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत व सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावा, असाही नियम झाला. पळून गेलेल्या वाहनाच्या बाबतीत मृत्यूसाठी दोन लाख व जबर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपयांची योजना त्याच दिवसापासून आहे. मात्र १९९४ मध्ये काढून टाकलेली सहा महिन्यांची मुदत या दुरुस्तीने पुन्हा आणली. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने मर्यादित करण्याची ही रीत १९५६ पासूनची आहे, हे वरील विवेचनावरून ध्यानात येईल.

या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. कायद्याची वाटचाल ‘दोष कोणाचा’ या प्रश्नाकडून ‘इजा कोणास झाली’ या प्रश्नाकडे झाली. परंतु ती सरळ रेषेत झाली नाही आणि पूर्णही झालेली नाही. हक्काचा विस्तार संसदेत व न्यायालयात झाला. त्याचा उपभोग मात्र पंचनामा, रुग्णालयाचा दाखला, विम्याचे कागद आणि तारखेचे भान यांवर अवलंबून राहिला. जिल्हा न्यायालयांच्या दप्तरांतील दाव्यांचे अर्ज या दृष्टीने कोणी तालुकावार अभ्यासले, तर विसाव्या शतकातील ग्रामीण श्रमाचे मोल काय ठरत गेले, याचे एक विश्वसनीय साधन हाती लागेल. विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे, एवढे सुचवून हे टिपण येथे संपवितो.