घरच्यांनी बाहेर थांबावं का?

"डॉक्टर, खरं सांगा, हे माझ्यामुळे झालं का?"

मुलाला स्किझोफ्रेनिया आहे असं कळलं की बऱ्याच आया हा प्रश्न विचारतात. तोही मुलगा बाहेर गेल्यावर, दाराशी उभं राहून, हळू आवाजात. हा प्रश्न त्यांच्या मनात आपोआप आलेला नाही. एकेकाळी आम्हा डॉक्टर मंडळींनीच तो तिथे घातला. तो कसा, हे आज सांगतो. काउन्सेलरच्या नावाने चिठ्ठी देताना "घरच्यांनाही घेऊन जा" असं मी तुम्हाला का म्हणतो, हेही त्यातूनच कळेल.

बोलून उपचार करण्याच्या पद्धतीला व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांनी आकार दिला. त्यांच्या खोलीत दोघंच असत, रुग्ण आणि डॉक्टर. नातेवाइकांचं काय करावं हे आपल्याला उमगत नाही, अशी कबुली त्यांनी १९१२ मध्ये दिली होती. नातेवाइकांची गर्दी भोवती असताना ऑपरेशन कसं करणार, असा त्यांचा सवाल होता. आमच्या पिढीतल्या डॉक्टरांनाही तो पटायचा. "तुम्ही जरा बाहेर थांबा" हे वाक्य मी स्वतः हजारदा म्हटलं असेल.

पुढे नातेवाइकांना बाहेर ठेवण्यावर भागलं नाही, त्यांच्यावर ठपकाही आला. १९४८ मध्ये अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविश्लेषक बाईंनी एका लेखात 'स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई' अशा अर्थाचा शब्द वापरला आणि तो पसरला. पुढच्या संशोधनात त्याला आधार मिळाला नाही. पण तोवर कितीतरी आया अपराधी होऊन बसल्या होत्या. औषधाचा दुष्परिणाम निदान बाटलीवर तरी लिहितात!

१९५४ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा इथे मरे बोवेन यांनी रुग्णांबरोबर त्यांच्या आयांना वॉर्डात राहायला आणलं, नंतर वडील आणि भावंडांनाही. सुरुवातीला त्यांचाही संशय आई-मुलाच्या नात्यावरच होता. पण सगळं कुटुंब एकत्र दिसू लागलं तसं लक्षात आलं, की एकाची अस्वस्थता दुसऱ्याकडे जाते, दोघांचं बिनसलं की तिसरा मध्ये ओढला जातो. एकट्या आईला आरोपी करून काहीच समजत नव्हतं.

आपल्याकडे हीच गोष्ट जवळपास त्याच काळात घडली, पण ती वेगळ्या वाटेने. अमृतसरच्या मनोरुग्णालयात रुग्ण जास्त आणि माणसं कमी. तिथले अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांनाच रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून दिले. इथेच राहा आणि आपल्या माणसाची काळजी घ्या, असं सांगितलं. ते रुग्ण आणि नातेवाईक यांना एकत्र बसवून आजाराबद्दल बोलत. एका घराला दुसऱ्या घराची गोष्ट ऐकायला मिळे. बरं झालेलं माणूस घरी जाताना सोबत आजार समजलेले नातेवाईक असत. तंबू आले होते अडचणीतून, पण त्यांनी मोठं काम केलं. वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं मानसिक आरोग्य केंद्र १९५७ मध्ये सुरू झालं, तिथेही नातेवाईक रुग्णासोबत राहू लागले.

मग घराचा काहीच संबंध नाही का? आहे, पण तो आजार होण्याशी नव्हे, पुन्हा उलटण्याशी. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा माग ठेवला. १९७२ च्या त्यांच्या अभ्यासात, सतत टोमणे, राग किंवा अति काळजी असलेल्या घरांत नऊ महिन्यांत ५८ टक्के रुग्णांचा आजार उलटला. शांत घरांत हे प्रमाण १६ टक्के होतं. "अति काळजी" हा शब्द पुन्हा वाचा. पंचविशीतल्या मुलाला घास भरवणारी आई त्यात येते. नंतर चंदीगडमध्ये असाच अभ्यास झाला, तेव्हा तिथल्या नातेवाइकांच्या बोलण्यात टोमणे लंडनपेक्षा कमी आढळले.

त्यामुळे आता काउन्सेलर आधी आजार समजावून सांगते. मग एकाच प्रसंगाबद्दल घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारते आणि बाकीच्यांना फक्त ऐकायला लावते. "हा कधीच औषध घेत नाही" याऐवजी "काल रात्रीची गोळी राहिली, काय झालं होतं?" असं बोलण्याचा सरावही करून घेते. नवरा-बायकोच्या बाबतीतही पद्धत हीच: खरा कोण, खोटा कोण हे ती ठरवत नाही. भांडण कुठून सुरू होतं आणि कुठे जाऊन थांबतं, हे ती दोघांनाच शोधायला लावते. एकट्याने बोलायचं असेल तर तेही मिळतं, आणि तिथे सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगितलं जात नाही. जिवाला धोका असेल तेवढा अपवाद.

घरात मारहाण होत असेल, तर मात्र जोडीने जाऊ नका. आधी एकटीने या आणि मला तसं सांगा. चिठ्ठीवर मी ते कारण लिहिणार नाही, काउन्सेलरला फोन करून सांगेन.