देवळालीची स्वयंभू संख्या

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर 1930 पासून 1962 पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. 6174 या स्थिरांकामुळे त्यांचं नाव जगभर गेलं. मला मात्र त्यांनी 1949 मध्ये मांडलेल्या स्वयंभू संख्या अधिक मोलाच्या वाटतात.

कोणतीही संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. 21 मध्ये 3 मिळवले की 24 येतात. म्हणून 21 ही 24 ची जनक. 101 ला तर दोन जनक आहेत, 91 आणि 100. पण 20 ला एकही नाही. अशा संख्या त्या स्वयंभू. गावाच्या नावावरून त्यांना देवळाली संख्याही म्हणतात.

जनक नाही हे ठरवायचं कसं? कापरेकरांची रीत फार सुंदर आहे. 53 घ्या. अंकांची बेरीज 8, तिचं निम्मं 4. (बेरीज एकअंकी होईपर्यंत करायची, विषम आली तर 9 मिळवून निम्मं करायचं.) 53 मधून 4 गेले, 49 उरले, 49 पासून 62 मिळतात. आणखी 9 वजा केले की 40, त्यापासून 44. झालं, 53 स्वयंभू! दोन अंकांच्या संख्येला दोनच पावलं पुरतात, कारण प्रत्येक अंक फार तर 9 असतो आणि आपण नवानवानेच मागे जातो. जितके अंक, तितकी पावलं.

अंकांचे हे गुण दशमान पद्धतीला बांधलेले असतात. पाया बदलला की स्वयंभूपण जाऊ शकतं. मूळ संख्येचं मूळपण मात्र कुठल्याही पायावर टिकतं. त्यामुळे अशा कामाला करमणुकीचं गणित म्हणून बाजूला सारणं सोपं होतं, आणि तो अन्यायच होता. 1963 मध्ये कापरेकरांनी या संख्यांवरची पुस्तिका देवळालीहून स्वतःच प्रसिद्ध केली. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात या संख्यांची ओळख करून दिली, तेव्हा त्या जगापुढे आल्या.

53 मूळही आहे आणि स्वयंभूही. 3, 5, 7, 31, 97 यांचंही तसंच. मग प्रचंड मूळ संख्यांचं काय? 2004 च्या मे महिन्यात जॉश फिंडली यांना 2 च्या 2,40,36,583 व्या घातातून 1 वजा केलेली मर्सेन मूळ संख्या सापडली. तिचे अंक 72,35,733. त्या वेळी माहीत असलेली ती सर्वांत मोठी मूळ संख्या होती. ती स्वयंभू असल्याचं 2006 मध्ये ल्यूक पेबॉडी यांनी दाखवलं.

देवळालीच्या रीतीनं तपासायचं तरी या संख्येला 72,35,733 पावलं पुरेत. सगळे संभाव्य जनक तिच्या मागच्या साडेसहा कोटींच्या टप्प्यातच असणार. म्हणजे, एखादा हातचा सोडला, तर शेवटचे आठ अंक तेवढे बदलतील; आधीच्या लाखो अंकांची बेरीज एकदा करून ठेवली की पुन्हा करायला नको.