आव, आमवात आणि धरलेले सांधे

वाकडला आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी परवा फडकं पिळताना थांबल्या. मूठ वळेना. दोन्ही तळहातांत फडकं दाबून त्यांनी कसंबसं पाणी काढलं आणि म्हणाल्या, ‘‘ताप चार दिवसांत गेला, पण सांधे धरलेत बघा.’’

‘धरणे’ हे क्रियापद मराठीने दुखण्यासाठी फार नेमकं वापरलं आहे. मान धरते, पाठ धरते, सांधे धरतात. वेदना आणि ताठरपणा दोन्ही त्या एका शब्दात येतात. मावशींना झाला होता चिकुनगुनिया. हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे लोकांचा. १९५२ साली आजच्या टांझानियात या तापाची साथ आली, तेव्हा वेदनेने वाकून गेलेल्या रोग्यांवरून हे नाव पडलं. महाराष्ट्रात १९७३मध्ये बार्शीला त्याची साथ आली. पुढे तीन दशकं तो दिसेनासा झाला आणि २००६च्या सुमारास गावोगाव पसरला. डासातून आलेला विषाणू ताप देऊन जातो. काहींचे सांधे मात्र महिनोन् महिने धरलेले राहतात.

तापापाठोपाठ येणाऱ्या सांधेदुखीची अशी ओळख ‘चिकुनगुनिया’ या शब्दाने करून दिली. पोट बिघडणं आणि सांधे सुजणं यांची जोडी मात्र आपल्याकडे ‘आमवात’ या शब्दात केव्हाची आहे. ‘आम’ म्हणजे कच्चं, न पचलेलं. ग्रीक भाषेतला ‘ओमॉस’ त्याचाच सख्खा भाऊ, अर्थही तोच. ‘आमाशय’ म्हणजे न पचलेल्या अन्नाची जागा. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, तशीच ‘आम’ची ‘आव’ झाली. आव पडणं आणि आमवात होणं, दोन्हींच्या मुळाशी शब्द एकच.

सुमारे ७व्या-८व्या शतकातल्या ‘माधवनिदान’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे. मंदावलेला अग्नी, न पचलेला आम, वाताने तो सांध्यांत नेणं, ताप आणि विंचू डसल्यासारख्या वेदना असा क्रम तिथे लावला आहे. त्या काळी जंतू ठाऊक नव्हते, आणि ‘आम’ म्हणजे जंतू असं म्हणणंही बरोबर नाही. पण निरीक्षण मोलाचं होतं. १९१६मध्ये हान्स रायटर या जर्मन डॉक्टरने आव झालेल्या एका सैनिकाचे सांधे नंतर सुजल्याची नोंद केली. शिगेला, साल्मोनेला असे आतड्यातले जंतू गेल्यावर काही आठवड्यांनी गुडघे-घोटे सुजू शकतात, हे आज वैद्यकाला माहीत आहे. सांध्यात तेव्हा जिवंत जंतू सहसा सापडत नाही. जंतूंशी लढायला उठलेली शरीराची यंत्रणाच तिथे दाह करते.

म्हणून सांधे धरले की ‘वयाचा वात’ म्हणून सोडून देऊ नये. त्याआधी ताप आला होता का, आव पडली होती का, हे डॉक्टरांना आठवणीने सांगावं. मावशींनाही मी तेच सांगितलं.